दरवाजा ठेवला म्हणजे वाडा वाचला नाही

नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याचा विषय निघाला की हल्ली एक तयार तोडगा पुढे येतो. रस्त्याकडचा दरवाजा आणि दर्शनी भिंत ठेवायची, आतले सगळे मोकळे करायचे आणि मागे फ्लॅट स्कीम उभी करायची. वारसा राहिला, मालकाचे भले झाले, शहराला घरे मिळाली, सगळ्यांचे समाधान. हा तोडगा बिल्डर मांडतात, काही वास्तुविशारद मांडतात, आणि वाडा सांभाळता सांभाळता थकलेले वारसही मांडतात. वारसांचा थकवा खरा आहे, त्याबद्दल पुढे बोलेन. पण हा तोडगा समतोलाचा आहे, हे मला मान्य नाही. त्यात वाडा जातो आणि वाडा वाचल्याचा दाखला तेवढा मिळतो.

त्याचबरोबर दुसऱ्या टोकाची मंडळीही मला पटत नाहीत. जुन्या घराच्या आवारात एक वीटही नवी लागता कामा नये, असे ती म्हणतात. त्यांच्या हट्टापायी कितीतरी मालक वारसा यादीचे नाव काढले तरी घाबरतात. एकाच जागेवर जुने घर टिकू शकते आणि नवे बांधकामही होऊ शकते. प्रश्न आधी काय आणि नंतर काय याचा आहे, आणि नवे कुठे बसवायचे हे कोण ठरवणार याचा आहे.

दर्शनी भिंतीच्या तोडग्यात पुढे काय होते, हे नागपूरला वेगळे सांगायची गरज नाही. भोसल्यांचा महालातला राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यात लाकडी कोरीवकाम भरपूर होते. 1853 मध्ये तिसरे रघूजी गेले, पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले आणि 1864 मध्ये राजवाडा आगीत जळाला. नगारखान्याचा मोठा दरवाजा तेवढा मागे राहिला. जुन्या शहराच्या परकोटाचेही तसेच झाले. जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून उभा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंची भिंत नाही. या दोन्ही दरवाजांविषयी मला आस्था आहे आणि ते जपलेच पाहिजेत. पण नगारखान्याकडे पाहून राजवाड्यात माणसे कशी राहत होती, चौक किती होते, कचेरी कुठे भरायची, मुदपाकखाना कुठे होता, यातले काहीही कळत नाही. आग लागली त्यावर कोणाचा इलाज नव्हता. आज आपण तेच काम आराखडा मंजूर करून घेऊन, फी भरून करायला निघालो आहोत.

वाडा त्याच्या चौकामुळे वाडा असतो. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत भर दुपारी जुन्या वाड्याच्या सपरीत बसून पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. दोन-अडीच फूट जाडीच्या विटा-चुन्याच्या भिंती दिवसभराचे ऊन आत यायला संध्याकाळ लावतात. कवेलूंच्या फटींतून वरची गरम हवा निघून जाते. चौकात पाणी शिंपडले की सावलीतली हवा गार होते, माजघराची दारे उघडी असली की ती हवा आत ओढली जाते आणि मागच्या परसदाराने बाहेर पडते. रात्री तोच चौक दिवसाची उष्णता आभाळाकडे सोडून देतो. पावसाळ्यात चारी पाख्यांचे पाणी चौकात उतरते आणि दगडी मोरीतून विहिरीकडे किंवा नाल्याकडे जाते. म्हणजे चौक ही नुसती रिकामी जागा नसून घराचा श्वास, पाण्याची वाट आणि उजेडाचा स्रोत या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. नकाशावर मात्र तो कोरा चौकोन दिसतो. बांधकामाचा हिशेब करणाऱ्याला कोरा चौकोन म्हणजे वाया गेलेले चटई क्षेत्र वाटते. म्हणून दर्शनी भिंतीच्या तोडग्यात सर्वांत आधी चौकाचाच बळी जातो.

बरे, चौक घालवून राखलेली भिंत तरी राहते का? जुन्या भिंतीची ताकद तिच्या एकटीत नसते. आडव्या भिंती तिला पाठीमागून धरतात, मयाली आणि वरचे फाटे तिला बांधून ठेवतात, माळ्याचे वजन तिला दाबून सरळ ठेवते. हे सगळे काढले की ती दोन मजली उंचीची, सुटी, डुलणारी भिंत होते. मग तिला लोखंडी टेकू द्यावे लागतात आणि नंतर ती काँक्रीटच्या चौकटीला जखडावी लागते. चुन्याची भिंत थोडी हलते, थोडी श्वास घेते, ओल बाहेर सोडते. काँक्रीट तसे वागत नाही. दोघांच्या सांध्यावर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत भेगा येतात, त्या भेगांवर सिमेंटचा गिलावा चढतो, गिलाव्यामागे ओल अडकते, विटा क्षार सोडू लागतात आणि भुसभुशीत होतात. त्यात नागपुरात बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. अशा जमिनीत भिंतीपासून पाच-सात फुटांवर पार्किंगसाठी दोन मजले खोल खड्डा खणला, त्यातले पाणी महिनोन्‌महिने पंपाने उपसले, तर जुना पाया जागेवर राहील याची खात्री कोणताही प्रामाणिक अभियंता देणार नाही. मग एक दिवस भिंत कलते, आणि ज्यांनी ती राखण्याचे वचन दिले होते तेच ती पाडण्याची परवानगी मागतात. आता तिच्यापासून लोकांच्या जिवाला धोका आहे, हे कारण ते देतात आणि ते खरेही असते.

यावर पहिला प्रतिप्रश्न ठरलेला असतो. वाडा आधीच मोडकळीला आला आहे, तो पडायच्या आत पाडला नाही तर माणसे मरतील. जीवितहानीचा मुद्दा हलका मानण्यासारखा नाही. धोकादायक इमारतींना महापालिका आपल्या कायद्याच्या कलम 264 खाली नोटीस बजावते आणि ती बजावलीच पाहिजे. पण धोका तयार कसा होतो, हेही बघावे लागते. वादळात चार कवेलू सरकले, ते कोणी बसवले नाहीत. तिथून पाणी मयालीच्या भिंतीतल्या टोकावर पडू लागले. लाकूड मधोमध सहसा सडत नाही, भिंतीत गाडलेल्या टोकाला सडते. भिंतीच्या माथ्यावर पिंपळाचे रोप उगवले, ते कोणी उपटले नाही. पाच वर्षांत मुळे विटांत शिरली. न्हाणीची मोरी तुंबली, पाणी खांबाच्या पायाशी साचत राहिले. हे सगळे आठ-दहा वर्षे होऊ द्यायचे, आणि मग तज्ज्ञाला बोलावून इमारत वाचण्यापलीकडे गेली असे लिहून घ्यायचे.

महालातल्या अशाच एका वाड्यात मी एका म्हाताऱ्या सुताराला काम करताना पाहिले आहे. सपरीचा एक सागवानी खांब तळखड्यापासून हातभर उंचीपर्यंत पोकळ झाला होता. बोटाने दाबले तर भुसा निघत होता. घरच्यांना सांगण्यात आले होते की खांब गेला, म्हणजे वरचा माळा गेला, म्हणजे सगळेच गेले. सुताराने शेजारी दोन टेकू दिले, वरचे वजन त्यांच्यावर घेतले आणि कुजलेला भाग तिरपा छेद देऊन कापून काढला. कापलेल्या जागी आतले लाकूड पिवळेजर्द, टणक होते. रंधा मारल्यावर त्याला तेलाचा वास आला. जुन्या दुसऱ्या घरातून मिळालेल्या सागाचा तुकडा त्याने त्याच छेदात बसवला, दोन खुंट्या मारल्या, तळखडा साफ करून खांब पुन्हा त्यावर टेकवला. खांबाच्या वरच्या तीन हिस्स्यांना काहीच झाले नव्हते. ज्या अहवालावरून तो वाडा पाडायचे चालले होते, त्यात हा खांब निकामी म्हणून नोंदवलेला होता.

अहवालांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हातोड्याच्या उसळीवरून पृष्ठभागाची ताकद मोजणारे यंत्र, ध्वनिलहरींची चाचणी, ही साधने काँक्रीटसाठी तयार झालेली आहेत. विटा-चुन्याच्या भिंतीवर ती चालवली तर भिंत नापास होणारच. शंभर वर्षे चुन्यावर उभी असलेली भिंत सिमेंटच्या परीक्षेत बसवून तिला मृत्यूचा दाखला देण्याचा हा प्रकार बंद झाला पाहिजे. वारसा यादीतल्या घराचा अहवाल लाकूड आणि चुना कळणाऱ्या माणसाकडून घ्यावा, एवढी अट घालायला नवा कायदाही लागत नाही.

आता मालकांकडे येतो, कारण वारसाप्रेमी मंडळी सर्वांत जास्त चुकतात ती इथे. वाडा वाचवा असे म्हणताना आपण दुसऱ्याच्या मालमत्तेविषयी आणि दुसऱ्याच्या पैशाविषयी बोलत असतो. विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडचा 1949 चा भाडेनियंत्रण आदेश 2000 सालापर्यंत लागू होता. त्याच्या छत्राखाली वाड्यांतल्या खोल्या अतिशय कमी भाड्यावर वर्षानुवर्षे राहिल्या. नंतर 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अमलात आला आणि मालकाला वर्षाला 4 टक्के भाडेवाढ मिळाली. मूळ भाडेच नगण्य असेल तर त्यावरचे 4 टक्के म्हणजे काय मिळाले? त्या पैशात कवेलू फेरणाऱ्या मजुराची एका दिवसाची मजुरीही निघत नाही. आखीव पत्रिकेवर आजोबांच्या नावाखाली पंधरा-वीस वारस चढलेले असतात. कोणी पुण्यात असतो, कोणी परदेशात, आणि वाड्यात राहणाऱ्या एकट्या काकूंनी दुरुस्तीचा खर्च करायचा. अशा घरावर पालिकेने वारशाचा शिक्का मारला आणि हात झटकले, तर मालकाने त्याला शिक्षा म्हणू नये तर काय म्हणावे? डॉ. हेडगेवारांचे महालातले घर आज नीट जतन झाले आहे, कारण त्याच्यामागे मोठी संघटना उभी आहे. ज्या घरात कोणी थोर पुरुष जन्मला नाही, जिथे सोनार, कारकून, वैद्य आणि त्यांच्या विधवा बहिणी राहिल्या, त्या घरामागे कोणीच उभे नसते.

त्यामुळे मालकाला मोबदला मिळालाच पाहिजे, आणि तो आश्वासनाच्या रूपात नव्हे, बाजारात विकता येईल अशा हक्काच्या रूपात मिळाला पाहिजे. त्याची वाट माहीत नसलेली नाही. जुन्या घरावर न वापरलेले चटई क्षेत्र हस्तांतरणीय हक्क, म्हणजे टीडीआर म्हणून दुसरीकडे विकू देणे, ही ती वाट. नागपुरात रस्त्यासाठी, आरक्षणासाठी जागा दिली की टीडीआर मिळतो, हे प्रत्येक प्लॉटधारकाला तोंडपाठ आहे. वारसा घर राखल्याबद्दलही तो तसाच, तितक्याच सहजपणे मिळायला हवा. अहमदाबादेत जुन्या पोळांतल्या, म्हणजे गल्ली-वस्त्यांतल्या, नोंदलेल्या घरांना असा टीडीआर देऊन दुरुस्तीला पैसा उभा करण्याची सोय झाली. 2017 मध्ये ते शहर जागतिक वारसा यादीत गेले.

महालासाठी हा उपाय आणखी एका कारणाने योग्य आहे. आपल्या नियमांत बांधता येणारे क्षेत्र समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. वाड्यांच्या गल्ल्या अरुंद आहेत. तिथे वाडा पाडूनही बिल्डरला हवे तेवढे मजले चढवता येत नाहीत. म्हणजे वाडा जातो आणि त्याच्या बदल्यात अंधाऱ्या, दाटीवाटीच्या तीन-चार मजल्यांची इमारत मिळते. तेच चटई क्षेत्र रुंद रस्त्यावरच्या प्लॉटवर नेले तर त्याची किंमत जास्त येते. मालकाचा फायदा वाडा न पाडण्यात आहे, हे त्याला कोणी आकडे मांडून दाखवत नाही.

रस्ता रुंद झाला की मात्र हिशेब उलटतो. केळीबाग रोडचे रुंदीकरण झाले, जुना भंडारा रोडचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले. रुंदीकरणात घराचा पुढचा भाग जातो. दरवाजा, सपरी, वरची माडी, म्हणजे दर्शनी भिंतीचा तोडगा सुचवणारे जे राखू म्हणत होते नेमके तेच. मागे उरतो अर्धा कापलेला वाडा, ज्याच्या खोल्यांचे रंग रस्त्यावरून दिसतात. आणि रस्ता रुंद झाल्यामुळे त्या उरलेल्या तुकड्यावर जास्त मजले चढवण्याची मुभा मिळते. एकाच फटक्यात घराचे तोंड जाते आणि मागचे पाडण्याचे आमिष तयार होते. शहराच्या विकास योजनेत रस्त्याची रेघ मारणारा विभाग आणि वारसा यादी सांभाळणारी समिती एकाच महापालिकेत बसतात. रेघ मारण्याआधी यादी उघडून बघण्याचा नियम असता, तर काही ठिकाणी ती रेघ समोरच्या बाजूने दोन मीटर सरकवता आली असती.

अमेरिकेतला एक खटला इथे आठवतो, कारण मालकांची बाजू तिथे पूर्ण ताकदीने मांडली गेली होती. न्यूयॉर्कमधले भव्य पेन स्टेशन 1963 मध्ये पाडायला घेतले गेले, त्यावर लोक चिडले आणि 1965 मध्ये वारसा कायदा झाला. ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर पन्नासाहून जास्त मजल्यांचा मनोरा बांधायची परवानगी रेल्वे कंपनीने मागितली. वास्तुविशारद मार्सेल ब्रॉयरने आराखडा केला होता. पालिकेने परवानगी नाकारली. कंपनी म्हणाली, आमच्या मालमत्तेतला आभाळाचा हिस्सा तुम्ही हिरावून घेतलात, भरपाई द्या. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पालिकेची बाजू उचलून धरली. स्टेशन पूर्वीसारखे वापरून कंपनीला कमाई करता येते आणि वरचा न वापरलेला हक्क जवळच्या दुसऱ्या जागांवर नेता येतो, हे त्या निकालातले महत्त्वाचे कारण होते. मालकावर मर्यादा घालणे न्याय्य ठरले, कारण त्याला पर्याय दिला होता. आपण मर्यादा घालतो आणि पर्याय कागदावर ठेवतो. आपल्या पद्धतीवरचा माझा मुख्य आक्षेप हा आहे.

आणि सरकारला जुने-नवे एका आवारात बसवता येत नाही असेही नाही. नागपूर रेल्वे स्टेशनची सावनेरकडच्या दगडातली इमारत 1925 ची. डिसेंबर 2022 मध्ये सुमारे 590 कोटींच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली, तेव्हा जुनी इमारत राखून तिच्याभोवती नवे स्टेशन उभारायचे असे ठरले. तिथे कोणी म्हणाले नाही की दर्शनी कमानी ठेवू आणि मागचे सगळे पाडू. गाड्या चालू ठेवून, रोजचे हजारो प्रवासी सांभाळून हे करता येते असे सरकार मानते. मग शंभर फुटांच्या वाड्याच्या आवारात ते अशक्य कसे? फरक एवढाच की तिथे मालक सरकार आहे आणि खर्चही सरकारचा आहे.

उलट उदाहरणही आपल्याच शहरात आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, नागपूरच्या कामगारांच्या कितीतरी पिढ्या तिच्या भोंग्यावर उठल्या. 2002 मध्ये ती बंद पडली. तिच्या जमिनीवर मॉल आणि उंच इमारती आल्या आणि एम्प्रेस हे नाव मॉलवर चढले. पुण्यात भिडे वाड्याचे आणखी वेगळे झाले. 1848 मध्ये फुले दाम्पत्याने जिथे मुलींची शाळा काढली, तो वाडा भाडेकरूंच्या खटल्यात इतकी वर्षे अडकला की दुरुस्ती कोणी केलीच नाही, आणि डिसेंबर 2023 मध्ये त्याच शाळेचे स्मारक उभारण्यासाठी तो पाडावा लागला. स्मारक व्हायलाच हवे. पण पन्नास वर्षांपूर्वी त्या भिंतींना चुना मिळाला असता, तर स्मारक आयते उभे होते.

आता नव्या बांधकामाविषयी, कारण त्याला माझा विरोध नाही. वाडा एका दिवसात बांधला जात नसे. आधी एक चौक, मग मुलाचे लग्न झाले म्हणून दुसरा, वैभव वाढले म्हणून तिसरा. नवे जुन्याला जोडले जाई, पण जुन्याच्या चौकावर बसत नसे. महाराष्ट्रातल्या वारसा नियमांनाही हे मान्य आहे. मुंबईत 1995 साली जे नियम झाले, त्यात दुसऱ्या श्रेणीच्या इमारतीच्या आवारात काही परिस्थितीत वाढीव किंवा जोड इमारत बांधता येईल असे स्पष्ट म्हटले आहे. ती उंचीने आणि दर्शनी रूपाने जुन्याशी जुळणारी असली पाहिजे एवढी अट आहे. म्हणजे एकाच जागेवर जुने आणि नवे, ही कल्पना कायद्याला परकी नाही. माझी तक्रार आहे ती उंची आणि दर्शनी रूप एवढ्यावरच थांबण्याबद्दल. वाड्याच्या बाबतीत पहिली अट चौक उघडा ठेवण्याची हवी, दुसरी त्याच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवण्याची, तिसरी जुन्या पायापासून खोदकाम दूर ठेवण्याची. दर्शनी रूप त्यानंतर. परसात, जुन्या गोठ्याच्या, तबेल्याच्या जागी, पन्नास-साठ वर्षांपूर्वी ठोकलेल्या टिनाच्या शेडच्या जागी नवी इमारत खुशाल उभी राहू दे. ती आजच्या रूपाची, आजच्या सोयींची असू दे. तिच्यावर खोट्या लाकडी कमानी आणि प्लास्टरचे कोरीवकाम चिकटवायची काही गरज नाही. जुन्याची नक्कल करणारे नवे जुन्याचाही अपमान करते.

सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांना हे आणखी सोपे आहे. बंगला मधोमध, भोवती मोठे आवार, कडुनिंब आणि चिंचेची झाडे. आवाराच्या मागच्या कडेला नवी इमारत सहज मावते. शिवाय इथली कितीतरी जमीन नझूलची, म्हणजे सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली. अलीकडे सवलतीच्या दरात या जमिनी मालकी हक्काच्या करून देण्याची अभय योजना सरकारने आणली. लोकांच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली, हे चांगलेच झाले. पण सरकार आपला हक्क सोडत असताना, यादीतल्या बंगल्याच्या बाबतीत, मूळ बंगला आणि त्याची झाडे राखण्याची एक अट मालकी पत्रात घालता आली असती. जमीन सवलतीत देण्याच्या क्षणी सरकारच्या हातात जे वजन असते, ते नंतर कोणत्याही समितीच्या हातात नसते. जिथे रूपांतर अजून व्हायचे आहे, तिथे ही अट आजही घालता येईल.

सगळ्यात महत्त्वाची मात्र क्रमाची अट. सध्या नवी इमारत आधी पूर्ण होते, फ्लॅट विकले जातात, बिल्डर पुढच्या कामाला लागतो आणि जुन्या घराच्या दुरुस्तीचे वचन फायलीत राहते. हा क्रम उलटा करा. आवारात नवे बांधायची परवानगी द्या, पण नव्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र जुन्या घराचे छप्पर, खांब, भिंती आणि निचरा दुरुस्त होऊन त्याची पाहणी झाल्यावरच मिळेल असे ठरवा. टीडीआरचा अर्धा भाग दुरुस्ती सुरू करताना आणि अर्धा ती पूर्ण झाल्यावर द्या. मग बिल्डरला वाडा लवकर दुरुस्त करण्यात स्वतःचा फायदा दिसेल. आज त्याला वाडा लवकर पडण्यात फायदा दिसतो. त्याच्या सद्‌हेतूवर मी शंका घेत नाही, पण ज्या व्यवहारात वाडा पडला तर कोणाचे तरी कल्याण होते, त्या व्यवहारात वाडा टिकेल अशी अपेक्षा धरू नये.

नागपूर महापालिकेची हेरिटेज संवर्धन समिती आहे, सुमारे दीडशे स्थळांची यादी आहे, श्रेण्या ठरलेल्या आहेत. समितीतल्या माणसांनी वेळोवेळी निष्ठेने काम केले आहे. पण समिती फक्त हो किंवा नाही म्हणू शकते. तिच्याकडे लाकूड जाणणारा सुतार नाही, चुना कालवणारा गवंडी नाही, मालकाला टीडीआरचा हिशेब करून देणारा माणूस नाही. नगररचना विभागातच असा एक लहान कक्ष उघडा. पाच माणसे पुरतील. वाड्याचा मालक तिथे गेला तर त्याला आकडा कळावा: इतके चटई क्षेत्र तुमच्या नावावर शिल्लक आहे, आज बाजारात त्याची किंमत इतकी, तुमच्या छपराला खर्च इतका, आणि परसात इतके मजले बांधता येतील. हा कागद हातात पडला तर बिल्डरचा पहिला प्रस्ताव घेऊन कोणी मालक धावत जाणार नाही.

राहिले भाडेकरू, ज्यांचा उल्लेख या वादात कोणीच करत नाही. वाड्याच्या मागच्या खोल्यांतून दोन-तीन पिढ्या राहिलेली कुटुंबे आहेत. कोणी शिवणकाम करते, कोणी बुधवार बाजारात माल विकते, मुले जवळच्या महापालिका शाळेत जातात. वाडा पाडला तर त्यांना रक्कम देऊन किंवा कोर्टात दमवून शहराबाहेरच्या लेआउटमध्ये धाडले जाते. म्हणून परसात उठणाऱ्या नव्या इमारतीतल्या पहिल्या खोल्या त्यांना द्या, त्यांच्या सध्याच्या जागेएवढ्या, त्याच आवारात. त्यांनी मागच्या खोल्या सोडल्या की जुन्या घरातले दडपलेले सोपे आणि माजघर मोकळे होईल, दुरुस्तीला हात घालता येईल आणि नंतर ते भाग वाचनालय, दवाखाना, खानावळ किंवा राहत्या घरासाठी योग्य भाड्याने देता येतील. भाडेकरूला आपली वस्ती सोडावी लागत नाही, मालकाला पहिल्यांदा खरे भाडे मिळते आणि नव्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र वाड्याचे छप्पर पूर्ण होईपर्यंत नगररचना विभागाच्या टेबलावर राहते.